फंक्शनमधला कंस: अकरावीला नव्याने आलेल्यांसाठी

समीकरणं सुटतात, अवयव पडतात, तरी अकरावीत फंक्शन आलं की गाडी अडते. अडते ती बहुतेक कंसात. ('एफ ऑफ एक्स' इथे फ(क्ष) असं लिहिलंय.)

गोव्यात चौथीपर्यंत मराठीत शिकून पाचवीला इंग्रजीत गेलेल्यांच्या डोक्यात 'ऑफ म्हणजे गुणाकार' पक्कं बसलेलं असतं: हाफ ऑफ टेन, टेन पर्सेंट ऑफ फिफ्टी. फंक्शनमधला ऑफ तो नव्हे. फ हा नियम, आणि कंसात आहे ते त्या नियमात घालायचं. गुणाकार कुठेच नाही.

फ(क्ष) = क्ष² − ३क्ष घ्या, आणि फ(क्ष + २) काढा. आधी क्ष पुसून रिकामे कंस लिहा: ( )² − ३( ). मग दोन्ही कंसांत अख्खं क्ष + २ भरा:

(क्ष + २)² − ३(क्ष + २) = क्ष² + ४क्ष + ४ − ३क्ष − ६ = क्ष² + क्ष − २

रिकाम्या कंसांची ही पायरी बाळबोध वाटेल. तरी लिहाच, निदान पहिली पन्नास गणितं. ती गाळली की कुणी मूळ राशीत नुसते २ मिळवून क्ष² − ३क्ष + २ लिहितो, कुणी फ(क्ष) + फ(२) करून क्ष² − ३क्ष − २. ताळा क्ष = ५ घालून पाहा: फ(७) = ४९ − २१ = २८. बरोबर उत्तर २८ देतं, चुकीची १२ आणि ८. ताळ्याला १ मात्र घेऊ नका; इथे क्ष = १ ला पहिलं चुकीचं उत्तरही बरोबर उत्तरासारखंच ० देतं, आणि मग चूक बिनधास्त सुटते.

फ(−क्ष) लाही हेच: (−क्ष)² − ३(−क्ष) = क्ष² + ३क्ष. कंस विसरलात की −क्ष² होतं, आणि पुढचं सगळं वाया.

फंक्शनच्या व्याख्येला घाबरू नका, ती सोपी आहे. पणजीहून म्हापशाला जाणाऱ्या बसचं भाडं धरा. थांबा सांगितला की भाडं ठरतं. दोन थांब्यांना एकच भाडं चालेल; एका थांब्याला दोन भाडी चालणार नाहीत, तिथे कंडक्टरशी वादच होईल. मडगाव त्या वाटेवर नाही, म्हणजे डोमेनमध्ये (नियमात घालता येणाऱ्या किमतींत) नाही. त्याचं भाडं शून्य नव्हे, भाडंच नाही. 'व्हर्टिकल लाइन टेस्ट' (कुठलीही उभी रेघ आलेखाला एकाहून जास्त ठिकाणी छेदत नसेल तर ते फंक्शन) ही युक्ती आलेखापुरती ठीक. हे कळण्याआधी ती पाठ करून घेणाऱ्या ट्यूशनपेक्षा 'पाच घालून बघ' म्हणणारे सर शोधा.

डोमेन काढताना √(५ − २क्ष) मध्ये ५ − २क्ष ≥ ०, म्हणून क्ष ≤ २.५, −२ ने भागताना चिन्ह उलटतं. हेच वर्गमूळ छेदात असलं तर २.५ सुद्धा बाद. आणि (क्ष² − ४)/(क्ष − २) ला संक्षेप देऊन क्ष + २ लिहिलंत, तरी क्ष = २ ला किंमत मिळत नाही. डोमेन संक्षेपाच्या आधी लिहून ठेवा.