लाल आणि निअर-इन्फ्रारेड प्रकाश घरी कसा घ्यावा

अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्यावर बोटाचे पेर घट्ट दाबून धरा. पेर लालभडक उजळते. टॉर्चचा उजेड पांढरा होता. त्यातला निळा-हिरवा भाग रक्तातल्या हिमोग्लोबिनने शोषला आणि लाल तेवढा पार झाला. आतले हाड मात्र दिसत नाही, कारण पार होताना प्रकाश मांसात सगळीकडे विखुरतो. लाल प्रकाशाच्या उपचाराबद्दल कळीच्या दोन गोष्टी इथेच कळतात. हा प्रकाश शरीरात शिरतो, आणि शिरता शिरता झपाट्याने क्षीण होतो. त्यामुळे त्वचा, टाळू, गुडघा, मानेचे स्नायू इथे त्याचा उपयोग होऊ शकतो. छातीवर लाल दिव्यांचे पॅनेल धरून हृदय सुधारेल, अशी आशा मात्र करू नये.

१९६७ मध्ये बुडापेस्टच्या एन्द्रे मेस्टर या डॉक्टरांनी भादरलेल्या उंदरांवर रुबी लेसर वापरला. लेसरने कर्करोग होतो का, हे त्यांना पाहायचे होते. कर्करोग झाला नाही, उलट प्रकाश पडलेल्या जागी केस लवकर उगवले. आजचे प्रचलित स्पष्टीकरण असे की पेशींतल्या तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियामध्ये, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे विकर (एन्झाइम) हा प्रकाश शोषते आणि पेशीची ऊर्जानिर्मिती सुधारते. यावर अजून वाद आहे. मात्र एक गोष्ट प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसली आहे: मात्रा फार कमी असेल तर काहीच होत नाही, बेताची असेल तर फायदा होतो, आणि जास्त झाली की फायदा पुन्हा नाहीसा होतो. घरी वापरणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते. दहा मिनिटांनी बरे वाटले म्हणून ते चाळीस मिनिटे बसतात.

पायरी १: कशासाठी घ्यायचा ते ठरवा

कर्करोगाच्या काही उपचारांमध्ये तोंडात होणारे छाले टाळण्यासाठी हा प्रकाश आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आला आहे, पण ते रुग्णालयातच करायचे काम आहे. घरगुती वापरासाठी त्यातल्या त्यात आधार आहे तो गुडघ्याची झीज, मानेचे जुने दुखणे, विरळ होणारे केस आणि त्वचेवरच्या बारीक सुरकुत्यांसाठी. ड जीवनसत्त्व लाल दिव्याने मिळत नाही. त्यासाठी सूर्यातले अतिनील किरण लागतात. नवजात बाळाच्या कावीळीवर रुग्णालयात वापरतात तो प्रकाश निळा असतो. त्याच्या जागी घरचा लाल दिवा चालत नाही, आणि कावीळ झालेल्या बाळाला घरी ठेवून वाट पाहणे धोक्याचे आहे.

पायरी २: दिवा ओळखा

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात शेकासाठी लावतात तो लाल बल्ब आणि एलईडीचे पॅनेल या वेगळ्या वस्तू आहेत. शेकाचा बल्ब, बहुधा १५० किंवा २५० वॅटचा, मुख्यतः उष्णता देतो. आखडलेल्या स्नायूंना त्याने आराम पडतो. पण रोज एकाच जागी जवळून शेक घेतला तर त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात. एलईडीच्या उपचारात जागा फार तर कोमट वाटावी. चटका बसत असेल तर दिवा फार जवळ आहे.

एलईडीची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये लिहिलेली असते. त्वचेला आणि केसांना ६३० ते ६६०, सांध्याला आणि स्नायूंना ८१० ते ८५०, म्हणजे लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा निअर-इन्फ्रारेड. नुसते ‘रेड लाइट’ लिहिलेले, आकडा नसलेले उपकरण घेऊ नये. ८५० चे दिवे लावले तरी डोळ्यांना अंधुक लाल ठिपके दिसतात किंवा काहीच दिसत नाही, आणि लोक पॅनेल खराब आहे म्हणून परत करतात. आधी मोबाइलचा पुढचा कॅमेरा त्याच्यासमोर धरा. बहुतेक फोनच्या पडद्यावर ते दिवे जांभळट-पांढरे चमकताना दिसतात. टीव्हीच्या रिमोटचा दिवाही असाच दिसतो.

पायरी ३: पॅनेलची खरी ताकद तपासा

खोक्यावर ‘३०० वॅट’ लिहिलेले असते. तो आकडा बहुधा आतल्या एलईडींची कमाल क्षमता जोडून काढलेला असतो. प्रत्यक्षात तेच पॅनेल ६० वॅटच घेत असू शकते. प्लगला लावायचे वीजमापक यंत्र दुकानात मिळते, ते लावून पाहा. समजा ६० वॅट दिसले. त्यातले साधारण ४० टक्के प्रकाशात जातात असे धरले तर २४ वॅट. पॅनेल २० बाय ३० सेंटीमीटरचे असेल तर ६०० चौरस सेंटीमीटरवर २४,००० मिलिवॅट, म्हणजे अगदी पृष्ठभागाशी सरासरी ४० मिलिवॅट प्रति चौरस सेंटीमीटर. मधोमध थोडा जास्त मिळेल, कडेला कमी, आणि लांब गेल्यावर आणखी कमी. विक्रेता १५ सेंटीमीटरवर १५० सांगत असेल तर तो आकडा पटण्यासारखा नाही.

अशा मोठ्या आकड्यांचे मूळ बरेचदा सौर ऊर्जा मोजण्याच्या स्वस्त मीटरमध्ये असते. तो मीटर सूर्यप्रकाशाच्या सर्व रंगांसाठी जुळवलेला असतो, म्हणून एलईडीचा लाल प्रकाश तो खऱ्यापेक्षा बराच जास्त, कधी दुपटीच्या जवळ दाखवतो.

पायरी ४: मात्रेचा हिशेब

मिलिवॅट प्रति चौरस सेंटीमीटर गुणिले सेकंद, भागिले १०००. उत्तर येते जूल (ऊर्जेचे एकक) प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये. २० मिलिवॅट आणि ५ मिनिटे घेतली तर २० × ३०० ÷ १००० = ६ जूल. चेहऱ्यासाठी ३ ते ५ पासून सुरुवात करावी, गुडघ्यासाठी ६ ते ९ पासून. शोधनिबंध वाचताना एक घोळ टाळा: लेसरच्या अभ्यासांत मात्रा बहुधा ‘दर बिंदूला (लेसर धरायच्या एकेका जागेला) इतके जूल’ अशी देतात, पॅनेलची दर चौरस सेंटीमीटरला असते. दोन आकडे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

पायरी ५: आधी छोटी चाचणी

हाताच्या आतल्या बाजूला, नेहमीच्या अंतरावरून, ठरवलेल्या वेळेच्या निम्मा वेळ प्रकाश घ्या आणि दोन दिवस थांबा. लाली टिकून राहिली, खाज सुटली किंवा जागा काळवंडली तर पुढे जाऊ नका. सावळ्या त्वचेतले मेलॅनिन हे रंगद्रव्य हा प्रकाश जास्त शोषते. गोऱ्या लोकांवरच्या अभ्यासातली मात्रा जशीच्या तशी उचलू नये, याचे कारण हेच.

पायरी ६: गुडघ्यासाठी

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात ७८५ ते ८६० नॅनोमीटरच्या लेसरने, दर बिंदूला ४ ते ८ जूल दिल्यावर, गुडघ्याच्या झिजेचे दुखणे कमी झालेले दिसले. कमी मात्रा दिलेल्या चाचण्यांत तसा फायदा दिसला नाही. घरच्या पॅनेलला हे निष्कर्ष थेट लागू होत नाहीत, पण जागा आणि तरंगलांबी निवडायला उपयोगी पडतात.

खुर्चीत बसून गुडघा थोडा वाकवा. साडी, पायजमा, नी-कॅप सगळे बाजूला करा. कापडातून मात्रा कशीही घटते. तेल किंवा मलम लावले असेल तर पुसा. प्रकाश वाटीवर समोरून मारण्याची सवय असते, पण समोर वाटीचे हाडच आडवे येते. वाटीच्या दोन्ही बाजूंना, जिथे बोटाने दाबल्यावर सांध्याची खाच लागते, तिथे प्रकाश द्यावा. अंतर सुमारे १५ सेंटीमीटर. तिथे २० ते ३० मिलिवॅट मिळत असतील तर प्रत्येक बाजूला ५ मिनिटे. आठवड्यातून तीन ते चार वेळा, चार आठवडे. अंतर दर वेळी पट्टीने मोजा, अंदाजाने नको. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम मात्र थांबवू नका. गुडघ्याला खरा आधार ते देतात, आणि प्रकाशाने दुखणे थोडे हलके झाले तर व्यायाम करणे जमते. हा उपयोग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

चेहरा आणि केस

चेहरा धुऊन कोरडा करा. झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन प्रकाश परतवते, ते लावायचे तर नंतर लावा. ६३० ते ६६०, आठवड्यातून तीन वेळा. फरक पडायचा असेल तर आठ-बारा आठवड्यांनी दिसतो. ज्यांना वांग आहेत त्यांनी त्वचारोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय चेहऱ्यावर हे करू नये. उष्णता आणि दृश्य प्रकाश, दोन्हींनी वांग गडद होऊ शकतात. इतके दिवस जपलेला चेहरा चार बैठकांत बिघडणे फार जिवाला लागते.

केसांसाठी ६५० च्या आसपासच्या टोप्या आणि कंगवे मिळतात. केस स्वतःच प्रकाश अडवतात, म्हणून भांग पाडत पाडत टाळूवर प्रकाश पोहोचवावा. दिवसाआड, निदान चार ते सहा महिने. केस बारीक झाले आहेत तिथे उपयोग होऊ शकतो. गुळगुळीत टक्कल पडलेल्या जागी नव्याने केस येत नाहीत.

डोळे

निअर-इन्फ्रारेड जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे बाहुली आकसत नाही, पापणी मिटत नाही आणि प्रकाश सरळ डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत (रेटिना) जातो. चेहऱ्यावर घेताना पूर्ण अपारदर्शक गॉगल लावा. साधा उन्हाळी काळा चष्मा या किरणांना अडवेलच असे नाही. लंडनच्या यूसीएल विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये ६७० नॅनोमीटरचा क्षीण प्रकाश सकाळी तीन मिनिटे देऊन रंग ओळखण्याची क्षमता सुधारल्याचे नोंदवले, आणि अमेरिकेत नोव्हेंबर २०२४ मध्ये वयोमानाने होणाऱ्या डोळ्याच्या एका विकारासाठी दवाखान्यात वापरायच्या उपकरणाला परवानगी मिळाली. ती उपकरणे मोजून-मापून केलेली असतात. ही बातमी वाचून घरच्या पॅनेलकडे टक लावून पाहू नका. मुलांचा चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून चीनमध्ये लाल प्रकाश वापरला जातो, पण त्यात एका मुलीच्या डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. मुलांवर घरी प्रयोग करू नका.

कोणी थांबावे

कर्करोगाची गाठ किंवा संशयित तीळ असलेल्या जागी, गरोदरपणी पोटावर, आणि मधुमेहाने बधिर झालेल्या पायांवर घरी प्रकाश देऊ नये. बधिर पायाला चटका कळतच नाही. पायाला जखम असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. पॉर्फिरिया (प्रकाशाने त्वचेला त्रास होऊ शकणारा आजार) असलेल्यांनी, तसेच प्रकाशाने काम करणारी कर्करोगाची किंवा डोळ्याची औषधे नुकतीच घेतलेल्यांनी पूर्ण टाळावे, कारण ती औषधे नेमक्या लाल प्रकाशानेच जागी होतात. डॉक्सिसायक्लीन, अमिओडॅरोन किंवा आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

नोंद ठेवा

सुरू करण्यापूर्वी आठवडाभर रोज दुखण्याला ० ते १० मधला आकडा द्या: जिना उतरताना किती, सकाळी उठल्यावर किती. मग तोच आकडा चार आठवडे लिहा. त्यासोबत अंतर, मिनिटे आणि गोळी घेतली का, हेही. दुखणे कमी होऊन पुन्हा वाढले तर वेळ वाढवण्याऐवजी निम्मी करून पाहा. चार आठवड्यांत काहीच हलले नाही तर थांबा. आणि गुडघा लाल होऊन सुजला, ताप आला, किंवा पाय टेकवताच येईना, तर पॅनेल बंद करून त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.