तक्रार ड्रायव्हरवर थांबू देऊ नका: नागपुरात बेकायदा कचऱ्याची नोंद कशी करावी

घराचा मलबा नाल्याकाठी ओतून पळणारा टिप्परवाला वेगळा आणि टोळी वेगळी. टोळीचं काम ठरल्याप्रमाणे चालतं. वळणावर बॅटरी घेऊन माणूस उभा असतो, नंबर प्लेटला ग्रीस किंवा चिखल फासलेला असतो, आणि उजाडायच्या आत जेसीबी मुरूम टाकून जागा सपाट करतो. आऊटर रिंग रोडलगतचे रिकामे ले-आऊट आणि बंद पडलेल्या खदानी यासाठी सोयीच्या. कारखान्याला घातक कचरा बुटीबोरीच्या सामायिक विल्हेवाट केंद्रात पाठवायला पैसे मोजावे लागतात. दलाल त्याहून कमी भावात तो उचलतो, खड्ड्यात ओततो आणि उरलेले पैसे खिशात घालतो. ड्रायव्हर आणि गाडी उद्या बदलतील. माल कुठून निघाला हे कागदावर आलं, तरच हा धंदा बसतो.

आधी पुरावा. गाडी अडवू नका, तिचा पाठलाग तर मुळीच नको. गच्चीवरून किंवा रस्त्यावरून दिसेल तेवढंच टिपा: नंबर (एमएच-३१, ४९ की ग्रामीणचा ४०, पुढच्या अक्षरांसकट), गाडीचा रंग, टँकर की हायवा (मोठा डंपर), वेळ, कोणत्या दिशेने आली. जागेवर दिवसा जा, एकटे जाऊ नका आणि वारा पाठीवर घेऊन लांब उभे राहा. ड्रम, पिंप, गोणी यांना हात लावू नका, झाकण उघडू नका, जवळ काडी पेटवू नका. डोळे चुरचुरले किंवा उग्र वास आला तर तसेच मागे फिरा आणि ११२ लावा.

फोटो तीन अंतरांवरून घ्या. पहिल्यात विजेचा खांब किंवा दुकानाची पाटी यावी, म्हणजे जागा ओळखता येते. दुसऱ्यात पूर्ण ढीग. तिसरा झूम करून लेबलचा, आणि सगळ्यात मोलाचा हाच. गोणीवरचा बॅच नंबर, फाटकं चलन, दवाखान्याच्या पिवळ्या-लाल पिशवीवरचा बारकोड यांतून मूळ मालक सापडतो. नकाशाच्या ॲपमध्ये जागेवर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात. आपल्याकडे पहिला आकडा २१च्या आणि दुसरा ७९च्या आसपास असतो; उलटे लिहिले तर पथक भलतीकडेच जाईल. मूळ फाइल फोनमधून पुसू नका. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातली वेळेची आणि जागेची माहिती निघून जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ईमेल करा.

पाण्याचा नमुना बाटलीत भरून नेण्याचा मोह होतो. कोर्टात त्याचा उपयोग होत नाही. १९७४च्या जल कायद्यात नमुना कसा घ्यायचा, सील कसा करायचा हे ठरलेलं आहे आणि तो अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो.

आता तक्रार कुठे? मनपा हद्दीतला मलबा किंवा घरगुती कचरा असेल तर झोन कार्यालय आणि उपद्रव शोध पथक. रसायन, तेलाचा गाळ, दवाखान्याचा कचरा असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय, उद्योग भवन, सिव्हिल लाईन्स. हिंगणा, बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत असेल तर मंडळासोबत एमआयडीसीलाही प्रत द्या. गावच्या जमिनीवर असेल तर सातबारावरून गट नंबर काढून तहसीलदारांना, वनजमीन असेल तर वन विभागाला. अर्ज एकच लिहावा आणि सगळ्यांना प्रती पाठवाव्यात. नाहीतर जो तो "आमची हद्द नाही" म्हणून मोकळा होतो.

खरा घोळ पुढे होतो. तक्रार पोचताच जेसीबी येतो, ढीग उचलतो, जागा स्वच्छ होते, सगळे खूश. पुरावाही त्याच टिप्परमध्ये निघून जातो. म्हणून अर्जात ठळक लिहा:

"कचरा हलवण्यापूर्वी पंचनामा करून नमुने घ्यावेत. लेबलवरून उत्पादकाचा शोध घेऊन त्याच्याकडील घातक कचऱ्याची मॅनिफेस्ट तपासावीत. पंचनाम्याची प्रत मिळावी."

मॅनिफेस्ट म्हणजे कचरा कुठून निघाला आणि कुठे पोचला याचा वाहतुकीचा कागद. त्याचा आग्रह का? २०१६च्या घातक कचरा नियमांत वाहतुकीसाठी फॉर्म १० असतो, सात रंगांच्या सात प्रती. पिवळी वाहतूकदाराच्या सहीने कारखान्याकडे राहते. निळी माल पोचल्यावर केंद्राकडून कारखान्याला परत येते. पिवळी आहे आणि निळी नाही, तर माल वाटेत कुठे उतरला, हे कारखान्याला सांगावं लागेल. दोन्ही नसतील तर माल चोरूनच बाहेर काढला. "ठेकेदाराला दिला, आमचा संबंध संपला" हे उत्तर चालत नाही. नियम २३ नुसार पर्यावरणाच्या नुकसानीची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावरही येते.

पोलिसांत जाताना घटना लिहा, कलमांचा हट्ट धरू नका. विषारी पदार्थाबाबतच्या निष्काळजीपणासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २८६, सार्वजनिक जलसाठा घाण करण्यासाठी २७९ लागू शकतं. संघटित गुन्हेगारीचं कलम १११ पहिल्याच अर्जात मागितलं तर अर्ज फसतो. त्याला तीन वर्षं किंवा जास्त शिक्षेचे गुन्हे आणि दहा वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रं लागतात. त्यामुळे प्रत्येक वेळची वेगळी नोंद करून पोच घेतलेली बरी. त्याच नंबरची गाडी दोन ठाण्यांच्या हद्दीत दिसली असेल, तर तारखांसकट तक्ता जोडा.

नाव पुढे येण्याची भीती रास्त आहे. अर्ज सोसायटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या ठरावाने, संस्थेच्या लेटरहेडवर द्या.

महिनाभर हालचाल नसेल तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका आणि पाहणी अहवाल, नमुन्यांचे निकाल, दिलेल्या नोटिसा मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. त्यातच गुंतून राहू नका, कारण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात कलम १४ खाली जायला वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहाच महिने असतात. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. भरपाई किंवा जागा पूर्ववत करण्याची मागणी असेल तर कलम १५ खाली पाच वर्षं आहेत.