घरगुती फवाऱ्याने मोहर करपतोय. आधी एक फांदी फवारून बघा

पहाटे गारवा आणि दव, दिवसभर मळभ. अशी हवा दोन-तीन दिवस टिकली की हापूसच्या मोहरावर भुरी हा बुरशीचा रोग चढतो. देठांवर पांढरी पावडर दिसते, मग फुलं आणि कणी, म्हणजे नुकती धरलेली बारीक फळं, गळायला लागतात. घाई करायला हवीच. पण भुरीने जेवढा गेला नसता तेवढा मोहर एकाच घरगुती फवाऱ्याने करपलेला मी बागांमधून पाहतोय.

मोबाईलवर फिरणारी कृती साधारण एकच असते: खायचा सोडा, गोडंतेल, भांडी घासायचं लिक्विड. सोडा मुठीने, तेल अंदाजाने. बॅरल ढवळला की एचटीपी (जोराच्या दाबाचा फवारणी) पंप सुरू, आणि संध्याकाळपर्यंत सगळी कलमं धुऊन काढलेली. एक फांदी आधी फवारून कुणी बघत नाही. नुकसान तिथेच होतं.

जुनं पान हे मिश्रण सोसतं, मोहर नाही. कोवळ्या देठावरचा मेणाचा पातळ थर भांड्यांच्या लिक्विडने निघून जातो. उन्हात पाणी उडतं, सोड्याचा क्षार तिथेच साचतो. शेंडे आधी तपकिरी, मग काळे.

ती काळी काडी घेऊन बागायतदार दुकानात जातो. तिथे "करपा आलाय" म्हणून आणखी एक महाग बाटली, वर टॉनिक. भाजलेल्या मोहरावर पुन्हा औषध! आधी नीट बघा. करपा हा दुसरा बुरशीचा रोग; तो ठिपक्यांनी सुरू होतो, दव-पावसानंतर दिवसागणिक पसरतो. फवाऱ्याने भाजलेलं एक-दोन दिवसांत एकदम दिसतं, थेंब साचतो त्या टोकाला जास्त असतं, आणि फवाऱ्याची गन पोचली नाही तिथला, झाडाच्या शेंड्याचा मोहर हिरवागार राहतो.

सोडा वापरायचाच असेल तर लिटरला 5 ग्रॅमच्या वर नको, तोही वजन करून. भांड्यांचं लिक्विड अजिबात नको. कीटकनाशकाच्या टाकीत सोडा मिसळू नका. उन्हाच्या बाजूची एक फांदी फवारा, दोन दिवस कडक ऊन लागू द्या, मगच बॅरल भरा.

खरं तर भुरीसाठी पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, 10 लिटरला 20 ग्रॅम, हे स्वस्त आणि जुनं औषध आहे. पावडर नुकती दिसायला लागली की लगेच मारलं तरच त्याचा उपयोग. नाहीतर हेक्झाकोनॅझोल 5 टक्के हे बुरशीनाशक, 10 लिटरला 5 मिली. दोन्हींपैकी एकच. दुकानदार वर स्टिकर (औषध चिकटवणारं द्रावण) आणि टॉनिक जोडून देईल, ते तिथेच ठेवून या.

गंधकही भाजतं. तेलाचा फवारा झाला असेल, कडुनिंबाच्या तेलाचाही, तर पुढचे दोन-तीन आठवडे गंधक नको. पारा 32 अंशांच्या वर जाणार असेल तेव्हाही नको. माझा ठोकताळा असा: समुद्रावरचा खारा वारा रोजच्यापेक्षा उशिरा सुटायला लागला की उष्म्याचे दिवस आले, गंधक बाजूला ठेवा. काकडी, कलिंगड लावलेल्यांनी तर एका वेलावर बघितल्याशिवाय गंधक मारूच नये.

बाकीची कामं:
- तुडतुड्यांसाठी मोहर हलवून बघणे
- पंप, नळी, गन धुणे
- तणनाशकाचा पंप वेगळा ठेवणे
- सुक्या, रोगट काड्या काढून जाळणे
- फुलं उमलली असताना फवारणी टाळणे; सकाळी परागीभवनाच्या वेळी तर नाहीच

मोहर भाजला असेल तर निदान आठवडाभर काहीच मारू नका. फवारल्या फवारल्या चूक लक्षात आली तर त्याच संध्याकाळी नुसत्या पाण्याने मोहर हलका धुवा. सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात दाखवायला जाताना काळी काडी, हिरवी काडी, आणि काय, किती, किती वाजता मारलं याची चिठ्ठी सोबत न्या.