स्टिअरिंग अचानक जड झालं? रॅक (चाकं वळवणारा भाग) बदलण्याआधी हे तपासा

सर्वात आधी गाडीत पॉवर स्टिअरिंगची कोणती प्रणाली आहे, तेलावरची की विजेवरची, ते पाहा, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर ठरते. टोयोटा एमआर२ सारख्या मधोमध इंजिन असलेल्या काही गाड्यांत तेलाचा पंप विजेवर चालतो आणि पुढच्या भागात असतो. तिथे इंजिनजवळ बेल्ट शोधत बसू नका. होंडा एस२००० मध्ये तर तेलच नाही, सगळं काम मोटर करते.

विजेवरच्या प्रणालीत पहिला संशय बॅटरीवर घ्या. इंजिन बंद असताना सुमारे १२.६ आणि चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. मग फ्यूज, अर्थिंगची जोडणी आणि स्कॅनरवर दिसणारे बिघाडाचे कोड तपासा. व्होल्टेज कमी असेल तर चांगला रॅकही स्टिअरिंग हलकं करणारी मदत बंद करतो, आणि लोक उगाच महागडा भाग बदलून बसतात. याचं खरंच वाईट वाटतं.

तेलावरच्या प्रणालीत टाकीचं झाकण उघडून बघा. फेस दिसला तर कुठूनतरी हवा आत खेचली जातेय, बहुतेक वेळा पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या क्लॅम्पपाशी. फक्त आयडलवर (रेस न देता इंजिन चालू असताना) जड आणि रेस दिल्यावर हलकं होत असेल तर बेल्ट किंवा पंप बघा.

पुढची चाकं स्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवा. तरीही अडकत असेल, तर दोष बॉल जॉइंटमध्ये, कॉलमच्या सांध्यात किंवा खुद्द रॅकमध्ये आहे. तो दुरुस्त होईपर्यंत गाडी वेगात चालवू नका.