ग्रीनलँडिक बोलताना सूर कुठे चढवायचा?

‘आघात शेवटच्या अक्षरावर द्या’ हा सल्ला ग्रीनलँडिक शिकणाऱ्याला हमखास मिळतो. तो सोडून द्या. इंग्रजीत जसा प्रत्येक शब्दाला आपला आघात असतो, तसा या भाषेत नाहीच. कानाला जो जोर जाणवतो तो दोन गोष्टींतून येतो: ध्वनींची लांबी आणि शेवटाकडे होणारी सुराची चढउतार. दोन्ही वेगवेगळ्या बसवायच्या.

लांबी सोपी आहे. १९७३च्या लेखनसुधारणेपासून दीर्घ स्वर आणि दीर्घ व्यंजन रोमन लिपीत सरळ दोनदा लिहितात. (एकोणिसाव्या शतकातला मिशनरी क्लाइनश्मिट, त्याच्या जुन्या लेखनपद्धतीत त्यासाठी अक्षरांवर खुणा असत.) दुहेरी व्यंजनावर जवळपास दुप्पट वेळ थांबा: ‘इलुअनि’ म्हणजे त्याच्या आत, ‘इल्लुअनि’ म्हणजे त्याच्या घरात. दुहेरी ‘ल’ म्हणताना जीभ ‘ल’च्या जागी टेकवून कडेनं नुसती हवा सोडायची. इथे देवनागरीत लिहिलेला ‘अ’ मात्र आखूड ‘आ’ समजून वाचा.

खरी झुंज सुराशी असते. मलाही सगळ्यात जास्त छळलं ते यानंच. साधं विधान संपताना शेवटच्या तीन मात्रांवर सूर वर, खाली, वर असा जातो. मोजणी शेवटून करायची. ह्रस्व स्वराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, व्यंजनाची शून्य.

या शून्यापाशीच वृत्तं शिकलेला मराठी माणूस अडतो. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. लयीपुरतं ते इथेही चालतं, असं अक्षर ग्रीनलँडिकमध्येही जड वाटतं. पण सूर बसवताना लघु-गुरू पूर्ण बाजूला ठेवा आणि फक्त स्वर मोजा. दोन हिशेब एकत्र केलेत की प्रत्येक लांब शब्द चुकणार.

‘कलाल्लित’ घ्या, म्हणजे ग्रीनलँडचे लोक. स्वरमात्रा चार: क, मग ‘ला’च्या दोन, मग लि. शेवटच्या तीन धरल्या की ‘ला’चा पहिला अर्धा भाग वर, दुसरा खाली, आणि ‘ल्लित’ वर. म्हणजे ‘ला’ म्हणता म्हणता सूर उतरतो. आता भाषेचं नाव, ‘कलाल्लिसुत’. मागे एक मात्रा वाढली, त्यामुळे वरचा सूर ‘ला’च्या दुसऱ्या अर्ध्यावर आला, ‘ल्लि’ खाली, ‘सुत’ वर. तोच ‘ला’, पण आता त्यावर सूर चढतो! हे दोन शब्द आलटून पालटून म्हणा, आधी व्यंजनं गाळून नुसते गुणगुणा. ही जोडी जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

प्रत्ययावर प्रत्यय लागून या भाषेत अख्खं वाक्य एका शब्दात मावतं आणि प्रत्येक प्रत्ययागणिक सूर पुढे सरकतो. म्हणून एकेका शब्दाचा आघात पाठ करण्यात वेळ घालवू नका.

हो-नाही उत्तराच्या प्रश्नात उलटं: शेवटून दुसऱ्या जागी चढ, शेवटी उतार. ‘अनिवोक’ (तो बाहेर गेला) वर जाऊन संपतं, ‘अनिवा?’ (तो बाहेर गेला का?) खाली येऊन. (इथला ‘ओ’ आणि शेवटचा ‘आ’ आखूडच, एकेका मात्रेचे.) मराठी कानाला त्यामुळे साधं विधानच प्रश्नासारखं वाटतं, आणि बोलताना आपण दोन्हींची अदलाबदल करतो.

सरावाला ग्रीनलँडची राजधानी नूक इथल्या केएनआर या राष्ट्रीय रेडिओच्या बातम्या लावा. अर्थ कळत नसला तरी चालेल. सुरुवातीला फक्त वाक्यांचे शेवट ऐका आणि तेवढेच मागोमाग म्हणा.