प्रेषित थोमाचा अभ्यास: शास्त्र, कथा आणि परंपरा वेगळ्या कशा ठेवाव्यात

थोमा हा येशूच्या बारा शिष्यांपैकी, म्हणजे प्रेषितांपैकी, एक. त्याच्यावर लेख लिहायचा असो, चर्चमधल्या रविवारच्या वर्गासाठी पाठ तयार करायचा असो की चित्रातला थोमा ओळखायचा असो, आधी वहीत चार रकाने आखा: बायबल, बायबलबाहेरचे ग्रंथ, स्थानिक परंपरा आणि कला. मिळालेली प्रत्येक गोष्ट यांपैकी एकाच रकान्यात लिहा. थोमाविषयीच्या बहुतेक चुका एका रकान्यातला मजकूर दुसऱ्यात घुसल्यामुळे होतात.

पहिला रकाना तासाभरात भरतो. मत्तय 10:3, मार्क 3:18, लूक 6:15 आणि प्रेषितांची कृत्ये 1:13 इथे फक्त यादीत नाव आहे. थोमा बोलतो तो योहानाच्या शुभवर्तमानातच, म्हणजे योहानाच्या नावाने असलेल्या येशूच्या चरित्रात. त्यातले 11:16, 14:5 आणि 20:24-29 (अध्याय:वचन) हे उतारे याच क्रमाने वाचा. 21:2 मध्ये पुन्हा नुसतं नाव येतं. थेट विसाव्या अध्यायापासून सुरुवात केली तर ‘संशयी थोमा’ एवढंच हाती लागतं. अकराव्या अध्यायात हाच माणूस ‘आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ’ असं सोबत्यांना सांगतो, ते निसटतं.

विसावा अध्याय सावकाश वाचावा. 20:20 मध्ये मरणातून उठलेला येशू बाकीच्या शिष्यांना जखमा झालेले हात आणि कूस दाखवतो. थोमा तेव्हा तिथे नव्हता; जखमा पाहून हात लावल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असं तो नंतर म्हणतो. म्हणजे त्याने पाहायला मागितलं ते इतरांना आधीच दिसलं होतं. संशयाचा शिक्का मात्र एकट्यावर बसला. पुढे 27व्या वचनात येशू बोट लावायला सांगतो आणि 28व्यात थोमा ‘माझा प्रभू, माझा देव’ म्हणतो. त्याने प्रत्यक्ष स्पर्श केला, असं मधे कुठेही लिहिलेलं नाही. याला खूण करून ठेवा.

दुसऱ्या रकान्यात त्याच्या नावाचे तीन ग्रंथ येतात आणि त्यांची सर्रास सरमिसळ होते. ‘थोमाचं शुभवर्तमान’ म्हणजे येशूची 114 वचनं. कॉप्टिक या इजिप्तच्या जुन्या भाषेतली त्याची संपूर्ण प्रत 1945 साली इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ सापडली. बाळ येशूच्या चमत्कारांचं, मातीच्या चिमण्या उडवणारं पुस्तक वेगळं. या दोन्हींत थोमाचा प्रवास नाही. भारताची कथा फक्त ‘थोमाची कृत्ये’ या तिसऱ्या शतकातल्या ग्रंथात आहे. तो सिरियाक या पश्चिम आशियातल्या जुन्या भाषेत, बहुधा एडेसा (आजच्या तुर्कस्तानातलं उर्फा) परिसरात रचला गेला. त्यात हब्बान नावाचा व्यापारी थोमाला सुतार-गवंडी म्हणून विकत घेतो. गुंदफर राजा महालासाठी पैसे देतो, थोमा ते गरिबांत वाटतो आणि महाल स्वर्गात उभा राहिल्याचं राजाला कळतं.

गुंदफर हा राजा खरा होता. प्राचीन भारताच्या वायव्य भागात त्याची नाणी मिळाली आहेत आणि आता पाकिस्तानात असलेल्या तख्त-इ-बाहीच्या शिलालेखात त्याचं नाव आहे. पण यावरून लगेच ‘थोमा भारतात आल्याचा पुरावा’ लिहू नका. नाणी राजा सिद्ध करतात, पाहुणा नाही. शिवाय या राजाचं राज्य तक्षशिलेच्या बाजूला होतं. केरळ आणि (चेन्नईतलं) मैलापूर ही नावं ‘थोमाची कृत्ये’मध्ये नाहीत.

ती तिसऱ्या रकान्यात येतात. केरळच्या सेंट थॉमस ख्रिस्ती समाजाच्या परंपरेनुसार थोमा इ.स. 52 मध्ये कोडुंगल्लूरजवळ उतरला, सात मंडळ्या स्थापल्या आणि इ.स. 72 मध्ये मैलापूरला हुतात्मा झाला. ही वर्षं लिहिताना ‘परंपरेनुसार’ हा शब्द गाळू नका. त्याच वेळी, समकालीन लेख नाही म्हणून सगळं खोटं ठरवणंही घाईचं आहे. लाल समुद्रातून मलबारला मिऱ्यांसाठी जहाजं येत होती, तेव्हा प्रवास शक्य होता. चेन्नईतल्या सेंट थॉमस माउंट या टेकडीवरचा पहलवी (जुन्या इराणी) अक्षरांचा दगडी क्रूस मात्र थोमाच्या कित्येक शतकांनंतरचा आहे. केरळच्या परंपरेतला क्नाई थोमा हा व्यापारीही वेगळा, बराच नंतरचा. मार्गमकळी या केरळच्या ख्रिस्ती समाजाच्या दिव्याभोवतीच्या नृत्याची गाणी जरूर ऐका: महालाची तीच कथा तिथे चोळ राजाच्या दरबारात येऊन बसली आहे.

चौथा रकाना कलेचा. चित्रांत हातातला गुण्या (काटकोन पाहायचं गवंड्याचं अवजार) किंवा भाला शोधा. गुण्या महालाच्या कथेमुळे आला, भाला त्याच्या मृत्यूच्या कथेमुळे. मरियेच्या स्वर्गारोहणाच्या चित्रात वरून पडणारा कमरपट्टा झेलणारा बहुधा थोमाच असतो. काराव्हाज्जोच्या सुमारे 1601-02 च्या चित्रात त्याचं बोट थेट जखमेत शिरलेलं आहे. हा तपशील बायबलच्या रकान्यात टाकायचा नाही, हे मघाच्या खुणेवरून लक्षात येईल. छातीवर सूर्य असलेला डोमिनिकन साधू दिसला तर तो थॉमस अक्वायनस, मध्ययुगातला धर्मपंडित; हा थोमा नव्हे.

सणाची तारीख देताना चर्चचं नावही द्या. रोमन कॅथोलिक दिनदर्शिकेत आता 3 जुलै आहे, 1969 च्या बदलापूर्वी 21 डिसेंबर होती. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये 6 ऑक्टोबर.