काळ्या मातीत गाजर: जुनी वाणं, गादीवाफा आणि पाण्याचं गणित

काळ्या मातीत गाजर येत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. येत नाही ते बियाण्याच्या पाकिटावर छापलेलं वीतभर लांब, सरळसोट गाजर. बुटकं, रुंद खांद्याचं, बोथट टोकाचं गाजर याच मातीत चांगलं पोसतं, कारण तिच्यात ओल टिकते आणि अन्नही धरून ठेवलं जातं. अडचण असते ती सुरुवातीच्या दिवसांची. बी रुजल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांत गाजराचं सोटमूळ दोऱ्यासारखं खाली उतरतं आणि लांबी तेव्हाच ठरते. पुढचे दोन महिने ते फक्त जाड होत राहतं. त्या पहिल्या काळात टोकाला ढेकूळ, खडा किंवा कडक थर लागला की मुळाला दोन-तीन पाय फुटतात, आणि नंतर कितीही खत घातलं तरी ते पाय जात नाहीत. म्हणून सगळी मेहनत पेरणीच्या आधी आणि पेरणीनंतरच्या महिन्यात करायची.

माती सुधारताना काय करू नये

दख्खनची काळी माती बेसॉल्ट खडकापासून बनलेली आहे. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के असतं. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगाळते. सामू (माती आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, पीएच) बहुधा ७.५ ते ८.५ आणि चुनखडी भरपूर. त्यामुळे परदेशी पुस्तकांतले दोन सल्ले इथे उलटे पडतात. एक म्हणजे गाजराला चुलीतली राख किंवा चुना घालणं. आम्लधर्मी जमिनीत ते ठीक आहे, इथे सामू आणखी चढतो आणि बोरॉन, लोह यांची टंचाई वाढते.

दुसरा सल्ला वाळूचा. चिकणमातीत दोन-चार घमेली वाळू मिसळली तर माती मोकळी होत नाही, सुकल्यावर विटेसारखी घट्ट बसते. खरा फरक पडायला वाळू निम्म्याच्या आसपास लागते. एका चौरस मीटरच्या वाफ्यात २० सेंटिमीटर खोलीपर्यंत २०० लिटर माती असते, म्हणजे १०० लिटर वाळू, वजनात दीडशे किलोच्या पुढे. एवढी वाळू आणण्यापेक्षा सेंद्रिय पदार्थ आणि वाफ्याची उंची यांवर भर देणं शहाणपणाचं.

जिप्समही डोळे झाकून टाकू नये. ते चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेल्या, जमिनीचं औषध आहे. चुनखडीच्या साध्या काळ्या मातीत त्याने फारसा फरक पडत नाही.

वाण निवडताना

जड मातीत निम्मं काम वाणच करतं.

ऑक्सहार्ट, म्हणजे फ्रान्समधलं जुनं गेरांद, हे पहिली पसंती. लांबी १० ते १२ सेंटिमीटर, खांदा ७-८ सेंटिमीटर रुंद, आकार बैलाच्या काळजासारखा. एकेका गाजराचं वजन पाव किलोच्या वर सहज जातं. हलव्याला, लोणच्याला उत्तम. मात्र दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर हवंच. शांतने हे १२ ते १५ सेंटिमीटरचं, खाली निमुळतं होत जाणारं वाण. निमुळता आकार घट्ट मातीत पाचरीसारखा शिरतो, म्हणून घरगुती बागेत हेच सगळ्यांत भरवशाचं. पॅरिस मार्केट हे लिंबाएवढं गोल वाण माती केवळ दहा-बारा सेंटिमीटर मोकळी असली तरी येतं. कुंडीवाल्यांनाही ते चालतं, पण सोलायला कंटाळवाणं. अमेरिकेतलं डॅनव्हर्स १५ ते १८ सेंटिमीटरपर्यंत जातं आणि नांटेसपेक्षा घट्ट माती बरीच सोसतं. नांटेस चवीला सरस असलं तरी त्याचा नळकांड्यासारखा आकार भुसभुशीत माती मागतो. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला न गेलेलं बरं. इंपरेटर गटातली लांब वाणं काळ्या मातीसाठी नाहीतच.

आपल्याकडचं लाल देशी गाजर रसाळ, गोड आणि उष्णता सोसणारं, पण २० ते २५ सेंटिमीटर लांब. त्याच्यासाठी पुढे सांगितलेली पहारीची पद्धत वापरावी. बी घेताना पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ लिहिलेलं नाही ना, हे पाहावं. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या पिढीत आकार आणि रंग विखुरतात.

पावसाळ्यापासून तयारी

मे महिन्यात वाफ्याची जागा टिकावाने २५ ते ३० सेंटिमीटर खोल खणून ढेकळं तशीच उन्हात तापू द्यावीत. फोडायची घाई नको. पहिल्या पावसांत तापलेली ढेकळं आपोआप विरतात, तेवढं बारीक काम कुदळीने होत नाही. जूनमध्ये तिथे ताग दाट पेरावा, चौरस मीटरला ६ ते ८ ग्रॅम बी. साधारण ४५ दिवसांनी, फुलं धरायच्या आत, कापून बारीक तुकडे करून मातीत गाडावा. तो कुजायला पाच-सहा आठवडे लागतात, आणि त्याच्या सोटमुळांनी केलेल्या वाटा पुढे गाजराला मिळतात. तागाला उशीर झाला तर हा भाग सोडून थेट कंपोस्टवर जावं. अर्धवट कुजलेला ताग आणि गाजर यांचं जमत नाही.

सप्टेंबरअखेर चौरस मीटरला ५ ते ६ किलो पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा निदान वर्षभर मुरलेलं शेणखत मिसळावं. ओळख सोपी आहे: मुठीत घेतल्यावर पावसाळी मातीचा वास यावा, शेणाचा नाही, आणि हाताला ऊब लागू नये. ताज्या शेणाने गाजराला फाटे फुटतात, अंगभर केसाळ मुळ्या येतात, शिवाय हुमणीच्या अळ्या सोबत येतात त्या वेगळ्याच. युरियाचा मोहही टाळावा. पाला मांडीपर्यंत येतो आणि खाली काडी निघते.

आता वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, कामाजोगी ओलसर असण्याची स्थिती. काळ्या मातीचं सगळं शास्त्र या एका शब्दात आहे. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. गोळा पडून फुटला, तर वाफसा आहे. चपटा होऊन चिकटला, तर दोन दिवस थांबा. गोळाच होत नसेल, तर हलकं पाणी देऊन दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहा. ओल्या काळ्या मातीत एकदा कुदळ मारली की ती अख्खा हंगाम लगद्यासारखी चिकटून बसते. ती चूक नंतर दुरुस्त होत नाही.

वाफशावर ९० सेंटिमीटर रुंद आणि २० ते २५ सेंटिमीटर उंच गादीवाफा करावा. रुंदी एवढीच, कारण दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे आणि वाफ्यावर पाय कधीच पडता कामा नये. वरचा १५ सेंटिमीटरचा थर हाताने चाळल्यासारखा करून खडे, चुनखडीच्या गाठी, जुनी धसकटं वेचून काढावीत. बोरॉनची कमतरता माती परीक्षणात दिसली असेल तरच चौरस मीटरला १ ग्रॅम बोरॅक्स पाण्यात विरघळवून झारीने द्यावं. जास्त झालं तर ते विषासारखं काम करतं, म्हणून अंदाजाने नको.

लांब गाजरासाठी पहारीची भोकं

लाल देशी गाजर हवंच असेल तर गादीवाफ्यात दर १० सेंटिमीटरवर पहार २५ सेंटिमीटर खोल घालून गोल फिरवावी. वर ८ सेंटिमीटर रुंद, खाली टोकदार असं भोक तयार होतं. त्यात दोन भाग चाळलेली बागेतली माती, दोन भाग चाळलेलं कंपोस्ट आणि एक भाग भिजवून पिळलेला नारळाचा भुसा यांचं मिश्रण भरायचं. एका भोकाला साधारण ४०० मिलिलिटर लागतं, ४० भोकांना १६-१७ लिटर, म्हणजे एक मोठी बादली. प्रत्येक भोकात तीन बिया, उगवल्यावर एकच रोप ठेवावं. पहार ओल्या मातीत फिरवली तर भोकाच्या भिंती गुळगुळीत घोटल्या जातात आणि भोक मडक्यासारखं पाणी धरून बसतं. त्यात मुळाचं टोक कुजतं आणि एवढ्या खटाटोपानंतरही फाटेच निघतात. हेसुद्धा वाफशावरच.

पेरणी

देशी गाजर सप्टेंबरपासून पेरता येतं, पण काळ्या मातीत परतीचा पाऊस संपण्याआधी वाफाच होत नाही. विलायती वाणांना दिवाळीच्या आसपासची वेळ बरोबर, नोव्हेंबरअखेरपर्यंत. गाजर भरताना १५ ते २० अंशांची थंडी मिळाली तर रंग आणि गोडी चांगली येते. डिसेंबरच्या शेवटी पेरलेलं गाजर मार्चच्या उन्हात सापडतं, मग फिकं आणि कडवट निघतं.

एका ग्रॅममध्ये साधारण ७०० ते १००० बिया असतात, म्हणून तीन चौरस मीटरच्या वाफ्याला २ ग्रॅम पुरे. घरच्या बियांवर बारीक काटेरी केस असतात, ते तळव्यांत चोळून काढावेत, नाहीतर बिया एकमेकींना चिकटून पुंजक्याने पडतात. बी १२ तास भिजवून सावलीत सुट्टं होईपर्यंत सुकवावं आणि दहापट कोरड्या बारीक वाळूत मिसळावं. (वाळूचा उपयोग आहे तो इथे.) ओळींत २० सेंटिमीटर अंतर, ऑक्सहार्टसाठी २५. बोटाने १ सेंटिमीटर खोल रेघ ओढून मिश्रण पेरायचं आणि ती रेघ काळ्या मातीने झाकायची नाही. चाळलेलं कंपोस्ट किंवा नारळाचा भुसा घालायचा. काळी माती दोन दिवसांत वर पापडी धरते, आणि गाजराच्या केसाएवढ्या कोंबात ती फोडायचं बळ नसतं. ‘बी खराब निघालं’ अशी जी तक्रार होते, तिच्यातली बरीचशी प्रत्यक्षात या पापडीची असते.

दर २० सेंटिमीटरवर एखादं मुळ्याचं बी टाकावं. ते चौथ्या-पाचव्या दिवशी उगवतं, ओळ कुठे आहे ते दाखवतं आणि वरचा थर थोडा उचलून ठेवतं. मुळा कोवळा असतानाच काढून घ्यावा.

पेरून झालं की ओलं गोणपाट अंथरा. झारीला बारीक छिद्रांचं तोंड लावून गोणपाटावरूनच सकाळ-संध्याकाळ पाणी द्या, पाइपची धार कधीच नको. गाजर उगवायला ८ ते १५ दिवस घेतं. सहाव्या दिवसापासून रोज गोणपाट उचलून पाहा आणि पहिले पांढरे कोंब दिसले की त्याच संध्याकाळी काढून टाका. एक दिवस उशीर झाला तर कोंब सुतळीत अडकून तुटतात.

विरळणी आणि पाणी

खऱ्या पानांची दुसरी जोडी आली की रोपं २ ते ३ सेंटिमीटरवर ठेवावीत. पाचव्या-सहाव्या आठवड्यात दुसरी विरळणी: शांतने आणि डॅनव्हर्स ५ ते ६ सेंटिमीटर, पॅरिस मार्केट ४, ऑक्सहार्ट १०. जादा रोपं उपटू नयेत, कात्रीने मातीलगत कापावीत. चिकणमातीत एक रोप उपटलं की शेजारच्याचं मूळ हलतं. उपटलेली रोपं दुसरीकडे लावायचा मोहही नको. त्यांची गाजरं वाकडी-फाटकीच होतात.

पहिला महिना वरचा थर सतत ओलसर ठेवायचा. त्यानंतर पाणी कमी वेळा पण खोलवर: चौरस मीटरला सुमारे २० लिटर, हिवाळ्यात सहा ते आठ दिवसांनी. दिवस मोजत बसण्यापेक्षा ५ सेंटिमीटर खालची माती अंगठा आणि बोटात दाबून पाहा. तिची पट्टी निघत असेल तर पाणी नको, भुगा होत असेल तर त्याच दिवशी द्या. वाफ्यावर भेगा दिसायला लागल्या, म्हणजे उशीर झालेला आहे. भेग मुळाजवळून गेली की बारीक मुळ्या तुटतात, आणि त्यावर एकदम भरपूर पाणी पडलं की गाजर उभं चिरतं. दुसऱ्या विरळणीनंतर उसाच्या पाचटाचं किंवा वाळल्या गवताचं ३-४ सेंटिमीटर आच्छादन घातलं की हा धोका बराच टळतो. खांदे उघडे पडले तर ते हिरवे आणि कडवट होतात. खुरप्याने मातीची भर लावावी.

गाजर बिघडलं तर

फाटे फुटलेले आणि बारीक मुळ्यांवर गाठी असतील, तर दोष ढेकळांचा नाही, सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म जंतांचा आहे. त्या जागी टोमॅटो, वांगी, भेंडी होती का ते आठवून पाहा आणि पुढच्या वर्षी तिथे झेंडू दाट लावा. फाटे आहेत पण गाठी नाहीत, तर माती किंवा कच्चं खत. आतला दांडा लाकडासारखा झाला असेल तर काढायला उशीर झालेला असतो. पानांवर पिवळ्या कडेचे तपकिरी डाग म्हणजे करपा. पाणी संध्याकाळी पानांवरून देणं थांबवा आणि गर्दी कमी करा.

काढणी आणि बी

पॅरिस मार्केट ६० ते ६५ दिवसांत, शांतने आणि डॅनव्हर्स ७५ ते ८० दिवसांत, ऑक्सहार्ट आणि देशी गाजर ९० च्या आसपास तयार होतं. आदल्या दिवशी हलकं पाणी द्यावं, ओळीपासून १० सेंटिमीटरवर चार दातांचा काटा खोल घालून माती उचलावी, मग गाजर काढावं. पाला धरून ओढलं तर काळ्या मातीत हातात पालाच येतो. पाला २ सेंटिमीटर ठेवून लगेच कापावा, तो राहिला तर गाजरातलं पाणी ओढून घेतो.

बी धरायचं ते देशी गाजराचं. विलायती वाणांना फुलावर यायला कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते, ती आपल्या मैदानी भागात मिळत नाही. त्यांचं बी विकतच घ्यावं लागतं. देशी गाजरांतून सरळ, एकरंगी, न चिरलेली निदान ४० गाजरं निवडा. पाला तळहातभर ठेवा, गाजराचा खालचा एक-तृतीयांश भाग कापून आतला दांडा पाहा, फिका किंवा जाड दांडा असलेली बाजूला काढा. उरलेली त्याच दिवशी ३० सेंटिमीटर अंतरावर खांद्यापर्यंत पुरा. फुलांची छत्री तपकिरी होऊन आतल्या बाजूला वळली की कापून सावलीत वाळवा. एक किलोमीटरच्या आत दुसऱ्या वाणाचं गाजर फुलावर असेल तर मधमाश्या भेसळ करणारच, तेव्हा शेजारच्या शेतात कोण काय पेरतंय ते आधी विचारून ठेवा. कोरडं बी काचेच्या बरणीत तीन वर्षांपर्यंत चालतं. त्यापुढे पेरायच्या आधी २० बिया ओल्या कागदात ठेवून पाहाव्यात, आणि १२ पेक्षा कमी रुजल्या तर बी दाट पेरावं.